फॉल कलर्ससाठी फुकटचे ट्रेल: जागा तारखेवरून निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मध्य न्यू जर्सीत राहता, आईबाबा भारतातून आलेत आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आहेत. त्यांना फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी झाडांना येणारे रंग, दाखवायचेत. गेल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता तुम्ही दोघं व्हर्मॉन्टला गेलात तर झाडं बोडकी होती, त्यामुळे या वेळी जवळचे, तिकीट नसलेले ट्रेल हवेत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई रोज तासभर आरामात चालते.

बरीच वर्षं मी दर फॉलला मंडळींना घेऊन या भागातल्या डोंगरांत जाते. त्यात आजी-आजोबा असतात, पाठीवर बाळ घेतलेले आईवडील असतात आणि धावत वर जाणारी तरुण मुलंही असतात. त्या अनुभवावरून सांगते, फुकट ट्रेल मिळणं ही इथे अडचणच नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क मिळून फॉलसाठी जी चांगली जंगलं आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरमध्ये एक पैसाही लागत नाही. लोकांचं चुकतं ते वेळेचं गणित. जागा आधी ठरते, सुट्टी त्यानंतर टाकली जाते, हॉटेल बुक होतं आणि मग सगळे त्या शनिवारी झाडं रंगायची वाट बघत बसतात. झाडं तुमच्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाहीत. तुमचं व्हर्मॉन्ट चुकलं नव्हतं, आठवडा चुकला होता. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरांवर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच रंग भरात येतो आणि महिनाअखेर फांद्या उरतात.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करते. ज्या वीकेंडला आपल्याला जमतंय, त्या वीकेंडला रंग कुठे आलेला असेल, हे आधी बघायचं. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि डोंगरमाथ्यावरून खाली दरीत उतरतो. दिवस लहान होत जातात तशी झाडांना खूण पटते, आणि जिथे गारवा आधी पोचतो तिथे काम आधी सुरू होतं. अँड्रू हॉपकिन्स नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली यासाठी एक ढोबळ हिशेब मांडला होता. वसंतात दर एक अक्षांश उत्तरेला किंवा दर ४०० फूट उंचीला पालवी साधारण चार दिवस उशिरा येते, आणि फॉलमध्ये हेच उलट होतं. म्हणजे हजार फूट वर गेलात तर सुमारे दहा दिवस पुढचा रंग दिसतो. झाडं हा हिशेब तंतोतंत पाळत नाहीत, पण घरात बसून नकाशा बघताना त्याचा फार उपयोग होतो. घरासमोरचं झाड अजून हिरवंगार आहे म्हणून निराश व्हायचं कारण नाही. दीड तास वायव्येला आणि हजार-दीड हजार फूट वर त्याच दिवशी रंग पेटलेला असू शकतो.

आता रंग किती गडद येणार, ते हवामानावर अवलंबून असतं आणि त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पानातला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि पिवळा वर येतो. त्यामुळे पिवळा दरवर्षी भरवशाचा. लाल रंगाचं तसं नाही. तो बऱ्याच झाडांत फॉलमध्येच नव्याने तयार होतो. पानाच्या देठाशी हळूहळू एक पडदा धरतो, त्यामुळे पानात तयार झालेली साखर तिथेच अडकते, आणि त्या साखरेपासून उन्हाच्या मदतीने लाल रंग बनतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठेल इतका नाही, असे सात-आठ दिवस सलग मिळाले की लाल भडक येतो. आठवडाभर ढगाळ आणि उबदार राहिलं तर तेच झाड फिक्कट नारंगीवर थांबतं. उन्हाळा फार कोरडा गेला तर काही पानं रंगायच्या आधीच करपतात.

हे आईबाबांना प्रत्यक्ष दाखवता येतं. मेपलखालची पडलेली पानं उचलून उलटीपालटी करून बघा. एखादं असं सापडतं की अर्धं लालबुंद आणि अर्धं पिवळं, मधली रेघ अगदी सरळ, कातरीने कापल्यासारखी. झाडावर असताना त्याच्या अर्ध्या भागावर दुसऱ्या पानाची सावली होती. जिथे ऊन पोचलं तिथे लाल झालं, जिथे नाही पोचलं तिथे पिवळंच राहिलं. मुलांना आणि आजोबांना मी हे पान हमखास शोधायला लावते. चालण्याचा वेग आपोआप कमी होतो, दम लागत नाही, आणि सगळे झाडांकडे नीट बघायला लागतात.

यापुढचा मुद्दा ट्रेलच्या याद्यांमध्ये जवळपास कधीच नसतो: त्या ट्रेलवर झाडं कुठली आहेत? रंग डोंगराला नसतो, झाडाला असतो. न्यूयॉर्क राज्यातले कॅट्सकिल्स डोंगर आणि त्याच्या उत्तरेला शुगर मेपल, बीच आणि बर्च जास्त, म्हणून तिथे केशरी-लाल-पिवळ्याचा तो कॅलेंडरवर छापतात तसा देखावा मिळतो. न्यू जर्सीतल्या किटाटिनी डोंगररांगेच्या धारेवर माती पातळ आणि खडक फार, तिथे ओकचं राज्य. ओक उशिरा रंगतो आणि रंग तांबूस, गंजलेल्या लोखंडाचा. तोही सुंदर असतो, पण 'लालभडक' म्हणून सांगून नेलं तर माणसं हिरमुसतात. त्याच धारेच्या पायथ्याला, पाणथळ जागेत, रेड मेपल असतो आणि तो सप्टेंबर संपता संपताच लाल होतो. मध्य जर्सीच्या सपाटीवर हिकरी सोनेरी होतो, सॅसाफ्रास नारंगी होतो, आणि स्वीटगमच्या एकाच झाडावर पिवळा, लाल, जांभळा असे तिन्ही रंग दिसतात, तेही ऑक्टोबरच्या अखेरीस. हेमलॉक किंवा पाइनची दाट राई असेल तर ती बारा महिने हिरवीच. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरच्या डेलावेअर वॉटर गॅपमधले काही धबधबे अशा हेमलॉकच्या सावलीत आहेत. धबधब्यासाठी जरूर जा, रंगासाठी ती जागा नाही.

आता तुमच्या तारखांप्रमाणे.

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा मोकळा असेल तर कॅट्सकिल्स. तिथलं सरकारी संरक्षित जंगल चालायला फुकट आहे आणि बहुतेक ट्रेलहेडला, म्हणजे ट्रेल सुरू होतो तिथे, पार्किंगही फुकट. आईबाबांसाठी माझी पसंती कॅटर्स्किल फॉल्सच्या वरच्या बाजूची. लॉरेल हाउस रोडच्या टोकाला पार्किंग आहे, तिथून सपाट, खडी टाकलेल्या वाटेने थोडंसं चाललं की लाकडी सज्जा येतो. समोर दोन टप्प्यांत मिळून २६० फूट उंचीचा धबधबा आणि दोन्ही बाजूंना मेपलने भरलेली दरी. फॉलमध्ये पाणी बेताचं असतं, पण तुम्ही दरी बघायलाच जाताय. बाबांना सज्जापर्यंत काहीच त्रास होऊ नये. तुम्ही दोघं हवं तर पुढे पायऱ्यांनी खाली जाऊन या. फक्त कोलंबस डेचा (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) लाँग वीकेंड टाळा. त्या तीन दिवसांत तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही आणि अरुंद रस्त्यावर माणसं गाड्यांच्या मधून चालत असतात. वुडस्टॉकजवळचा ओव्हरलुक माउंटनही फुकट आहे, वर जुन्या हॉटेलचे अवशेष आणि आगीवर लक्ष ठेवायचा मनोरा आहे. पण ती सलग अडीच मैलांची चढण, जवळजवळ १४०० फुटांची. वाट रुंद आणि सोपी दिसते म्हणून बाबांना नेऊ नका. पाय मोडतात ते उतरताना.

दुसरा-तिसरा आठवडा असेल तर एवढं लांब जायची गरज नाही. न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात स्टोक्स स्टेट फॉरेस्टमध्ये, किटाटिनीच्याच धारेवर, सनराइज माउंटन आहे, उंची १६५३ फूट. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. तिथून ॲपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरच थोडं खडकाळ चढलं की दगडी खांबांचा मंडप लागतो, १९३०च्या दशकात मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधलेला. दोन्ही बाजूंना दऱ्या, शेतं, जंगल. आणि एक जास्तीची गोष्ट: ही धार शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर आहे. ऑक्टोबरमध्ये वायव्येचा वारा सुटला की ससाणे डोळ्यांच्या उंचीवरून जातात. दुर्बीण असेल तर घेऊन जा, बाबा तासभर मंडपात बसून राहतील. जवळच हाय पॉइंट स्टेट पार्क आहे, १८०३ फुटांवरचं राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथेही गाडी वरपर्यंत जाते.

त्याच भागात, व्हर्नन गावाजवळ, ॲपलाचियन ट्रेलचा एक तुकडा आहे, पोचक बोर्डवॉक नावाचा. दलदलीवरून जाणारी सुमारे मैलभर लांबीची फळ्यांची वाट, मध्ये ओढ्यावर झुलता पूल. अगदी सपाट. तुमच्या आईच्या रोजच्या तासाभराच्या चालीला हे अगदी चपखल बसेल. इथे मात्र थोडं आधी जायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण पाणथळीतला रेड मेपल सगळ्यांच्या आधी रंगतो आणि आधी गळतो. त्या वेळी बाजूचं उंच गवत तांबूस झालेलं असतं आणि मागे डोंगर नुकता रंगायला लागलेला. याच वाटेने पुढे गेलं की हमरस्ता ओलांडून 'स्टेअरवे टू हेवन' ही प्रसिद्ध चढण सुरू होते. ती मोठ्या दगडांच्या पायऱ्यांची आणि दमवणारी. आईबाबांना बोर्डवॉकवरच ठेवा.

डेलावेअर वॉटर गॅप हे नाव तुम्हाला सगळे सुचवतील, आणि बरोबरच आहे. हा केंद्र सरकारचा परिसर आहे, प्रवेश फुकट, फक्त काही नदीकाठच्या पोहण्याच्या जागांना शुल्क. पण लोक डोळे झाकून माउंट टॅमनीला जातात. लाल ठिपक्यांच्या वाटेने दीडेक मैलांत सुमारे बाराशे फूट चढ, पुष्कळ ठिकाणी हात टेकून. तुम्ही दोघं नक्की करा. वरून नदी वळण घेऊन डोंगर चिरत जाताना दिसते. आणि सकाळीच करा, कारण समोरच्या माउंट मिन्सीच्या अंगावर ऊन सकाळीच पडतं. दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते आणि सगळा रंग मळकट दिसतो. आईबाबांसाठी नदीपलीकडची पेनसिल्व्हेनियाची बाजू बघा. तिथे मॅकडेड ट्रेल नदीला धरून सुमारे ३२ मैल जातो. खडीची रुंद वाट, बरेच भाग सपाट, जुन्या शेतांच्या कडेने. जागोजागी पार्किंग आहे, म्हणून हवा तेवढाच तुकडा चालून परत येता येतं. गुडघ्यांची काळजी असलेल्या माणसाला 'इथून मागे फिरू या' असं कधीही म्हणता आलं पाहिजे. गोल फेरीच्या ट्रेलवर अर्ध्यात गेलं की ती सोय जाते.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास न्यूयॉर्क हद्दीतलं हॅरिमन स्टेट पार्क चांगलं. ॲपलाचियन ट्रेलचा पहिला पट्टा १९२३ साली इथेच, बेअर माउंटनपासून आर्डनपर्यंत, खुला झाला. दोनशे मैलांहून जास्त ट्रेल आणि सगळीकडे तलाव. जंगल मुख्यतः ओकचं, पण तलावांच्या काठी मेपल असतात आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. लेक स्कॅनाटाटीचं पार्किंग थेट काठाशी आहे आणि फुकट. आईबाबा काठावर बसतील, थोडं फिरतील, तुम्ही तासभर आत जाऊन या. याच सुमारास पकीप्सीचा 'वॉकवे ओव्हर द हडसन'ही विचारात घ्या. १८८९चा रेल्वे पूल २००९ साली चालण्यासाठी खुला केला, सव्वा मैलाहून थोडा जास्त लांब, नदीपासून २१२ फूट उंच. डोंगरातला ट्रेल नाही हे खरं, पण हडसनचे दोन्ही काठ रंगलेले असताना तिथे उभं राहिलेल्या माणसाला तक्रार करताना मी पाहिलेलं नाही. व्हीलचेअरही जाते. पुलावर जायला पैसे नाहीत, पार्किंगची पाटी मात्र त्या त्या बाजूला वाचून गाडी लावा.

आणि ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबरचा पहिला आठवडाच हाताशी असेल तर उत्तरेला जाऊच नका. तुमचं स्वतःचं मध्य जर्सी तेव्हा भरात असतं. डेलावेअर-रॅरिटन कालव्याची जुनी वाट, जिच्यावरून एकेकाळी खेचरं नावा ओढत, आता सत्तर मैलांच्या आसपास पसरलेलं स्टेट पार्क आहे. पूर्ण सपाट, फुकट, आणि दोन्ही बाजूंनी झाडांची कमान. वारा नसेल तर कालव्याचं पाणी पानांनी झाकून जातं आणि जमीन कुठे संपते ते कळत नाही. एसेक्स काउंटीतलं साउथ माउंटन रिझर्व्हेशनही याच दिवसांत. हे दोन्ही पर्याय लोकांना फार 'साधे' वाटतात. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत कालव्याची वाट सर्वांत खात्रीची, कारण ती घराजवळ आहे. रंग चांगला आहे असं मंगळवारी दिसलं तर बुधवारी संध्याकाळी जाऊन येता येतं.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: ऑक्टोबरची सुरुवात असेल तर कॅट्सकिल्स किंवा पोचकची दलदल, मध्य असेल तर किटाटिनीची धार आणि डेलावेअर, तिसरा आठवडा हॅरिमन-हडसन, आणि अखेरीस आपला कालवा. एखाद्या वर्षी हे सगळं आठवडाभर मागेपुढे सरकतं. म्हणून नक्की जागा मी गुरुवारी ठरवते. न्यूयॉर्क राज्य फॉलमध्ये दर बुधवारी भागवार रंगाचा अहवाल काढतं, तो स्वयंसेवकांनी प्रत्यक्ष बघून पाठवलेला असतो. पेनसिल्व्हेनियाचं वनखातंही आठवड्याचा अहवाल देतं. त्यात 'पीक'च्या, म्हणजे रंग पूर्ण भरात असल्याच्या, एक पायरी आधीचा भाग निवडा. पीक लिहिलेल्या भागात शनिवारपर्यंत एक जोरदार पाऊस झाला की निम्मी पानं खाली. आधीच्या पायरीला गेलात तर थोडा हिरवा मिसळलेला असतो, आणि हिरव्याशेजारी लाल जास्त उठून दिसतो.

'फुकट' या शब्दाबद्दल दोन गोष्टी. प्रवेश फुकट आणि पार्किंग फुकट या वेगळ्या बाबी आहेत. न्यू जर्सीची बहुतेक स्टेट पार्क फक्त मेमोरियल डे ते लेबर डे (मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात) शुल्क घेतात, म्हणून फॉलमध्ये हाय पॉइंट फुकट. उलट बेअर माउंटनला चालायला पैसे नाहीत, पण मुख्य पार्किंगला आहेत. लांबच्या पार्कांतही असेच वेगवेगळे नियम आहेत: ग्रेट स्मोकी माउंटन्सला प्रवेश शुल्क नाही, पण मार्च २०२३पासून पंधरा मिनिटांहून जास्त गाडी उभी केली तर पार्किंगचा टॅग लागतो. व्हाइट माउंटन्समध्ये काही ट्रेलहेडला दिवसाचा पास लागतो, काहींना नाही. ॲडिरॉन्डॅक्समध्ये एका लोकप्रिय पार्किंगला मे ते ऑक्टोबर आगाऊ आरक्षण करावं लागतं, तेही फुकट, पण नसेल तर परत पाठवतात. शेनंडोआ आणि अकेडियाला मात्र सरळ प्रवेश शुल्क आहे. म्हणून निघण्यापूर्वी त्या पार्कच्या अधिकृत पानावर पार्किंगची ओळ वाचा. आणि पार्किंग भरलं म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका. दंडाची पावती पुष्कळ तिकिटांपेक्षा महाग पडते. सकाळी साडेआठच्या आत पोचलात तर हा प्रश्नच येत नाही.

बाबांच्या गुडघ्यांसाठी चढापेक्षा पायाखालचं बघा. फॉलमध्ये तोच ट्रेल उन्हाळ्यापेक्षा अवघड होतो. ओली पानं दगडावर बसली की पाय सटकतो. कोरडी पानं घोटाभर साठली की खालचं मूळ आणि खड्डा दिसत नाही. आणि ओकखालच्या उतारावर एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या कडक फळांचा, सडा पडलेला असतो. ते पायाखाली गोट्यांसारखे गडगडतात, माझ्यासोबतची माणसं पडली आहेत ती बहुतेक त्यांच्यावरूनच. त्यामुळे ट्रेकिंगच्या दोन काठ्या आणा, एक नको, दोन. उतरताना काठ्या थोड्या लांब करायच्या आणि पाऊल टाकण्याआधी काठी टेकवायची. स्पोर्ट्स शूज चालतील, पण तळवा गुळगुळीत झालेला नसावा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बोर्डवॉकच्या फळ्याही निसरड्या असतात, त्या दिवशी खडीची वाट निवडा.

पानांनी वाटच झाकली जाते, तेव्हा जमिनीकडे बघून चालू नका, झाडांवरच्या रंगाच्या खुणा बघा. ॲपलाचियन ट्रेलची खूण पांढरी उभी पट्टी, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या की पुढे वळण आहे. पाचेक मिनिटं चालून खूण दिसली नाही तर शेवटची दिसली होती तिथे परत जा.

लाल वेल दिसली की आई हात लावायला जाईल, तिला आधीच सांगून ठेवा. पॉयझन आयव्ही फॉलमध्ये अतिशय सुंदर लाल-नारंगी होते, झाडाच्या खोडावर चढलेली, जाड वेलीला केसासारखी मुळं. तीन पानांचा झुबका असेल तर लांब राहायचं. पाच पानांची असेल तर ती बहुतेक व्हर्जिनिया क्रीपर. हार-तुऱ्यासाठी पानं गोळा करायची तर जमिनीवर पडलेली मेपलचीच घ्या.

टिक्स (गोचिडी) थंडीत नसतात हा गैरसमज आहे. लाइम रोग पसरवणाऱ्या टिकच्या प्रौढ माद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्याच सक्रिय असतात. पॅन्ट मोज्यात खोचा, पानांच्या ढिगात बसू नका, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. बाबांना स्वतःला पाठ दिसणार नाही, कोणीतरी बघा. शिवाय हे शिकारीचे दिवस आहेत. जंगलात सगळ्यांच्या अंगावर भडक नारंगी रंगाचं काहीतरी असू द्या, स्वस्तातलं जाळीचं जाकीट पुरतं.

ऑक्टोबरच्या मध्याला इथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आत. दरीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं, म्हणून प्रत्येकाच्या खिशात बॅटरी हवी, फोनची नव्हे. रंग बघायला सकाळचं किंवा चारच्या सुमाराचं तिरकं ऊन सर्वांत चांगलं. सूर्याकडे तोंड करून उभं राहा, ऊन पानातून आरपार आलं की तेच पान दुप्पट उजळतं. दिवस ढगाळ असेल तर बेत रद्द करू नका. दूरचा देखावा फिका दिसतो, पण जंगलाच्या आतले रंग ढगाळ हवेत जास्त दाट दिसतात. त्या दिवशी माथ्यावर न जाता कालव्याची किंवा मॅकडेडची वाट धरा.

तुमचे नक्की कुठले दोन वीकेंड मोकळे आहेत आणि बाबांचा गुडघा चढताना दुखतो की उतरताना, एवढं कळवलंत तर कुठल्या पार्किंगपासून किती चालून मागे फिरायचं तेही सांगते. उतरताना दुखत असेल तर सनराइज माउंटनचा तो शेवटचा खडकाळ तुकडाही मी यादीतून काढेन आणि हाय पॉइंट ठेवेन.